अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी नोटरी घरी बोलवायची तर किती खर्च येतो?

आम्हाला 1500 रुपये लागले. जिंतूरपासून आमचं गाव 22 किलोमीटर. तुमच्याकडं कमी-जास्त होईल, पण मी त्याला महाग म्हणणार नाही. का ते सांगतो.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस लावायचे होते. तलाठ्याला आईचं प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं आणि आई खुबा मोडून बाजेवर. थोरल्या भावानं तहसीलसमोरच्या एका टायपिंगवाल्याशी बोलून ठेवलेलं: 200 रुपये द्या, घरून अंगठा घेऊन या, शिक्का मारून देतो. म्हातारीला आणायचं कामच नाही. मी म्हणालो, नोटरी घरी येईल आणि आईसमोर होईल. यावरून आमचं चांगलंच वाजलं.

नोटरी वकील साहेब मोटारसायकलवर आले. पिशवीत रजिस्टर, शाईचं पॅड, गोल शिक्का. आईला कमी ऐकू येतं, म्हणून उशाशी बसून मोठ्यानं बोलत होते. आम्हा भावांना त्यांनी ओसरीत बसवलं.

"माय, लेकरं किती तुम्हाला?"

"चार. तीन पोरं अन् एक लेक."

कागदावर तीनच नावं होती. ताईचं नव्हतं. मसुदा भावानं करून आणला होता, मीही तो नीट वाचला नव्हता. ओसरीत कुणी कुणाकडं बघेना. वकील साहेबांनी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी चार नावांचा नवा घेऊन आले. त्या खेपेचं फक्त पेट्रोल घेतलं. आईनं कागदावर अंगठा उठवला, रजिस्टरात उठवला आणि शाई वाकळेच्या काठाला पुसली. तो निळा डाग अजून गेलेला नाही.

भाऊ आजही म्हणतो, ताईनं हक्कसोड करूनच दिलं असतं, 1300 रुपये फुकट गेले. अरे, दिलं असतं की नसतं, हे ताई ठरवील! हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे. हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं, त्यावर तिची स्वतःची सही लागते. नाव गाळणं म्हणजे हक्कसोड नव्हे, ती चोरी आहे.

तुमच्या खर्चाचं म्हणाल तर फी 1956 च्या नोटरी नियमांत ठरवून दिलेली आहे, तिचा फलक नोटरीच्या ऑफिसात लावलेला असावा लागतो. प्रवासाचे पैसे किलोमीटरप्रमाणे वेगळे घेता येतात. प्रत्यक्षात मागतात ते नियमातल्या आकड्यापेक्षा जास्तच असतं, म्हणून ते निघायच्या आधी फोनवर आकडा ठरवा आणि पावती मागा. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा कुणी 500 चा बॉण्ड आणायला लावला तर कशासाठी ते आधी विचारा. आणि तुमचा तालुका त्या नोटरीच्या हद्दीत येतो का, हेही.

एक राहिलंच. काम कसलं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मृत्युपत्र असेल तर नोटरी लागतच नाही, दोन साक्षीदार पुरतात. जमीन विकायचं मुखत्यारपत्र असेल तर नुसत्या नोटरीवर भागत नाही, दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं. आजारी माणसासाठी अर्ज केला तर तेही घरी येतात, त्याची फी वेगळी. वडिलांना भान कधी असतं कधी नसतं, असं असेल तर डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा घ्या.