डिसेंबरची वाट कशाला बघतेस?

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नीट वाचलं. शेवटचा प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिलायस, ‘काका, परत येऊ की इथं जर्मनीतच राहू?’ पण माझं लक्ष अडकलं ते मधल्या दोन ओळींवर. सोमवार ते शुक्रवार ब्रेड नाहीतर ओव्हनमधला पिझ्झा, शनिवारी ट्रेन धरून भारतीय दुकान, रविवारी झोप आणि डिसेंबरच्या रजेचे दिवस मोजणं. शिवाय आईला पाठवलेली यादी: घरचं तूप, साताऱ्याचे कंदी पेढे, भडंग, कढीपत्ता, आख्खा मसूरची तयार पाकिटं.

तुझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. अर्धपोटी, चिडलेल्या माणसानं असले निर्णय घेऊच नयेत. आधी दोन-तीन महिने नीट जेव. आज जेव, आणि तिथल्याच मालात जेव. मग बोलू.

पहिल्यांदा ती यादी फाड. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, सगळं त्यात आलं. ‘घरच्यापुरतंच आहे हो’ म्हणून चालत नाही. कढीपत्त्याच्या ओल्या पानांना वनस्पती तपासणीचा दाखला लागतो. म्हणजे आई दोन दिवस खपून डबे भरणार आणि ते विमानतळावरच्या कचऱ्यात जाणार. भडंगाला कोणी अडवत नाही, पण त्यानं बॅग फुगते आणि आठवड्यात डबा रिकामा. न्यायच्याच असतील तर दोन गोष्टी ने: कांदा-लसूण चटणी आणि हळद. फ्लॅटमध्ये मिरच्या भाजायला घेतल्यास तर धुराचा अलार्म वाजून अख्खी इमारत खाली उतरेल, म्हणून चटणी आईच्याच हातची. हळद आपल्या सांगलीची, २०१८ पासून भौगोलिक मानांकन असलेली. पाव किलो तुला एकटीला सहज वर्षभर पुरेल. ओट्यावर सांडली तर घासत बसू नकोस. साबणानं पुसून घे आणि डागावर दोन-तीन दिवस ऊन येऊ दे, पिवळेपणा उडतो. फ्लॅटचं डिपॉझिट वाचेल.

मसूरच्या पाकिटांचं वाचून मात्र डोक्याला हात लावला. अगं, तू श्टुटगार्टजवळ राहतेस! तिथल्या मूळच्या, म्हणजे श्वाबी लोकांचं घरोघरचं जेवण काय? ‘लिन्झन मिट श्पेट्झले’. म्हणजे आख्खा मसूर आणि त्याच्यासोबत अंडं घातलेल्या पिठाच्या उकडलेल्या जाड शेवया. इस्लामपूरच्या (आताच्या ईश्वरपूरच्या) ढाब्यावर मिळतो तो मसूर आणि हा मसूर, धान्य एकच. तिथल्या श्वाबिश आल्बच्या पठारावर तो पूर्वी पिकायचा, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बंद पडला. १९८०च्या दशकात पुन्हा पेरणी सुरू झाली, आणि तिथली हरवलेली जुनी वाणं २००६ साली सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे संग्रहात सापडली. आता तो मसूर ‘आल्ब-लाइझा’ नावानं विकला जातो. ज्या मुलखातल्या लोकांनी मसुरासाठी एवढा खटाटोप केला, तिथं बसून तू सांगलीहून पाकिटं मागवतेस. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये खाऊन बघ, पण आधी ‘ओने श्पेक?’ (मांसाशिवाय आहे का?) विचार, कारण त्यात डुकराचं मांस घालायची पद्धत आहे.

रोजच्यासाठी आल्ब-लाइझा महाग पडेल. साध्या दुकानातून ‘बेर्गलिन्झन’ घे, बारीक आणि तपकिरी. ‘टेलरलिन्झन’ नावाचा मोठा, चपटा मसूर घेऊ नकोस, त्याचं पटकन गरगट होतं. २०० ग्रॅम मसूर दोन तास भिजव. पाणी बदलून तिप्पट पाण्यात मंद आचेवर ठेव. मीठ नंतर, आणि टोमॅटो तर अजिबात आधी घालू नकोस, आंबटात डाळ लवकर शिजत नाही. साधारण २५ मिनिटांनी एक दाणा चिमटीत धर. दाबला की मऊ लागला पाहिजे, पण साल जागेवर पाहिजे. कुकरच असेल तर एक शिट्टी, त्यापुढे नाही.

तोवर दोन कांदे उभे चिरून तेलावर तपकिरी होऊ दे. याला बारा-पंधरा मिनिटं लागतात. पाच मिनिटांत उरकलंस तर कांदा नुसता उकडतो आणि आमटी गोडसर होते. बहुतेकांचा आख्खा मसूर इथंच बिघडतो आणि ते खापर मसाल्यावर फोडतात. तीन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस (तिथं केकच्या सामानात ‘कोकोसराश्पेल’ म्हणून मिळतो) कोरडाच भाज, पण हात थांबवू नकोस, मिनिटात करपतो. कांदा, खोबरं, आठ लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि कोथिंबिरीच्या काड्या एकत्र वाट. मिक्सर रात्री दहाच्या आत लाव, नंतर तिथं शांततेची वेळ असते.

तीन चमचे तेलात जिरं, मग वाटण, तेल सुटेपर्यंत परत. आता नीट लक्ष दे. काचेची विजेची शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते, गॅससारखी पटकन खाली येत नाही. त्यामुळे कांदा-लसूण चटणी घालायच्या आधी कढई शेगडीवरून बाजूला सरकव. दोन चमचे चटणी, पाव चमचा हळद, अर्धा मिनिट हलव, मग चिरलेले दोन टोमॅटो, आणि मगच कढई परत शेगडीवर. टोमॅटो विरघळला की मसूर त्याच्या पाण्यासकट ओत, मीठ घाल आणि दहा मिनिटं उकळ. वर लाल कट दिसला पाहिजे. नाही दिसला तर तेलात कंजूषी झालीय. हे दोन वेळचं जेवण आहे आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

भाकरीचं रडगाणं सगळ्यांचंच असतं, ‘इथलं पीठ चांगलं नाही.’ पीठ चांगलंच असतं, फक्त जुनं असतं, विरी (चिकटपणा) गेलेलं असतं. मग उकड काढायची. वाटीभर ज्वारीच्या पिठाला (बायो, म्हणजे सेंद्रिय मालाच्या दुकानात ‘झोर्गुम’ लिहिलेलं असतं) पाऊण वाटीहून थोडं जास्त पाणी, चिमूट मीठ घालून खळखळ उकळ, त्यात पीठ टाक, काठीनं ढवळून दहा मिनिटं झाकून ठेव. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळ. थंड झालं की पुन्हा चिरा. थापायला जमलं नाही तर प्लास्टिकच्या दोन कागदांत लाट, कोण बघतंय? पाण्याचा हात वरच्या बाजूला, पाणी सुकत आलं की उलट, दुसरी बाजू पूर्ण भाजू दे, आणि शेवटी पुन्हा पहिली बाजू तव्यावर टाकून फडक्यानं कडा दाब. जाळ नाही म्हणून फुगत नाही हे खरं नाही. कडेची चीर दाबली की फुगते.

तूप. दुकानात लोण्याचे दोन-तीन प्रकार शेजारीशेजारी असतात. तू बहुधा ‘झ्युसराम’ उचलतेस, ते गोड सायीचं. ‘झाउअरराम’ घे, विरजलेल्या सायीचं, बिनमिठाचं. आपल्या घरच्या लोण्याचा वास त्यालाच येतो, कारण पद्धत तीच आहे. २५० ग्रॅमची वडी जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. आधी तडतड मोठी असते, ते पाणी जातंय. आवाज बारीक झाला आणि तळाची बेरी बदामी दिसली की लगेच उतरव आणि गाळ, भांड्यात सोडलंस तर उरलेल्या उष्णतेनं बेरी काळी होते. २०० ग्रॅमच्या आसपास तूप पडेल. यासाठी आईला वेठीला धरायचं काही कारण आहे का?

दही तसंच. डब्यावर ‘योगुर्ट मिल्ड’ लिहिलं असेल तर त्याचं विरजण फारसं आंबट होत नाही, त्यातले जीवाणू वेगळे असतात. ‘मिल्ड’ नसलेलं साधं योगुर्ट घे. एक लिटर साडेतीन टक्के फॅटचं दूध तापवून बोट दहा आकडे सोसेल इतकं निवव, एक चमचा विरजण लाव आणि ओव्हनमधला नुसता दिवा चालू ठेवून आत आठ तास ठेव. हिवाळ्यात ओट्यावर ठेवलंस तर दुसऱ्या दिवशीही दूधच मिळेल.

चहाला वेळ घालवत नाही. आपली दाणेदार सीटीसी चहा पावडर संपली म्हणून चहा बंद, असं करू नकोस. जर्मनीच्या उत्तरेला ऑस्टफ्रीसलँड म्हणून भाग आहे, तिथली माणसं चहाबाज, आणि त्यांचं मिश्रण मुख्यतः आसामच्याच चहाचं. ‘ऑस्टफ्रीसन’ लिहिलेला डबा साध्या दुकानात मिळतो. कपाला दीड चमचा घाल आणि एक-दोन मिनिटं जास्त उकळ. आलं दुधाच्या आधी पाण्यात उकळ, कच्चं आलं दुधात पडलं की दूध फाटतं.

आता बाजार. शनिवारची ट्रेन बंद. तिथल्या गावागावात आठवडी बाजार भरतो, सकाळी, आणि दुपारी एक-दोनच्या सुमाराला उठतो. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवार सकाळ चुकवायची नाही. तुझं विमान उतरतं तो विमानतळ ज्या फिल्डरच्या पठारावर आहे, तिथला टोकदार कोबी शरद ऋतूत येतो. पानं इतकी कोवळी की पचडीसाठीच जन्माला आला असं वाटतं. बारीक चिरून मीठ लाव, दहा मिनिटांनी लिंबू, दाण्याचं कूट आणि हिरव्या मिरचीची फोडणी. नवलकोल तर बारा महिने. छोटी वांगी, मिरच्या, कोथिंबिरीची जुडी तुर्की दुकानात. कृष्णाकाठची वांगी नाहीत ती, नसू देत. मोठं जांभळं वांगं सगळीकडे मिळतं, त्याचं भरीत कर. काट्यानं टोचून २२० अंशावर ओव्हनमध्ये पाऊण तास. टोचायचं विसरलीस तर फुटतं आणि ओव्हन घासण्यात रविवार जातो. तिथून आल्यावर मला कशाची खंत वाटत असेल तर त्या बाजाराची. आठवण चुलीची यावी अशी लोकांची अपेक्षा असते, मला तिथला कोबी आठवतो. असो.

तू तासगावची, द्राक्षबागायतदाराची मुलगी, आणि श्टुटगार्टच्या रेल्वे स्टेशनच्या वरच्या उतारावर द्राक्षाची बाग आहे हे तुझ्या पत्रात कुठंच नाही! रविवारी झोपून राहण्यापेक्षा उलबाख किंवा रोटेनबर्गच्या बागांतून चाल. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. तिथं थंडी वेलीला झोपवते, म्हणून हिवाळ्यात एकच छाटणी. जानेवारी-फेब्रुवारीत माणसं उतारावर कात्री घेऊन उभी असतात. काडीवर किती डोळे (कोंब फुटायच्या जागा) ठेवतात ते बघ आणि वडिलांना सांग. ‘जेवलीस का, हो जेवले’ यापलीकडे तुमचं बोलणं जाईल. फोन जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला कर: हिवाळ्यात इथं पाच वाजलेले असतात, मार्चअखेर घड्याळं बदलली की चार. रात्री थकून फोन करतेस तेव्हा इथं मध्यरात्र असते, आणि तू रडवेली असतेस. द्राक्षं पिकायच्या दिवसांत काही वाटा बंद ठेवतात, पाटी वाच. आणि घड तोडायचा नाही, हे तुला सांगायला नको.

मला माहीत आहे, इथले लोक माझ्याबद्दल काय बोलतात. ‘हे पोरांना तिकडंच रुजवतात, मग म्हाताऱ्यांकडे बघणार कोण?’ बोलू देत. मी बघितलंय ते उलटं आहे. जी पोरं तिथं पाच वर्षं पाकिटावर आणि डिसेंबरवर काढतात, ती वैतागून परत येतात आणि मग इथला रस्ता, इथली लाईट, इथलं पाणी यावर वैताग काढत बसतात. जो माणूस तिथं रोज भाकरी करून खात होता, तो आला तर शांतपणे येतो, राहिला तर शांतपणे राहतो. तुझ्या वडिलांना मी हेच सांगितलं. त्यांना पटलं नाही. न पटू दे.

म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलीस तरी ऐक. आज. तिथल्या मालात. शनिवारसाठी राखून नाही, डिसेंबरसाठी तर नाहीच. कामावरून सातला येतेस, मसूर सकाळी भिजवून जा, आठला ताट समोर असेल. रोज जमणार नाही म्हणशील. मग आठवड्यातले चार दिवस कर, पण त्या चार दिवसांत पिझ्झा नको.

डिसेंबरात येशील तेव्हा परतीच्या बॅगेत खाऊऐवजी बिडाचा तवा घाल. दहा इंची, तळ एकदम सपाट. घेताना फरशीवर ठेवून बघ, डुगडुगला तर घेऊ नकोस. काचेच्या शेगडीवर खोलगट तवा मधेच तापतो आणि भाकरी कडेला कच्ची राहते. ॲल्युमिनियमचा तर इंडक्शनवर तापतच नाही. तळाला खरखर असेल तर काच ओरखडते, पॉलिश पेपर मारून घे. शेगडीवर तो कधीही सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. आणि चेक-इनच्या बॅगेत टाक, कपड्यांच्या मधोमध.

तुझा,
काका