इंटरनेटसाठी फायबर घ्यावं की सोसायटीतली जुनी कोएक्स केबलच राहू द्यावी?

इंटरनेटसाठी विचारत असाल तर फायबर, म्हणजे काचेची तार, विषय संपला. पण "काचेची तार पावसात टिकत नाही, तांबंच दणकट, असं केबलवाला म्हणतो" हे तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून राहवलं नाही. सिडकोत केबलच्या लाइनवर काम करायचो तेव्हा आमचे मालकही हेच म्हणायचे.

तेव्हा सगळी लाइन कोएक्सची, म्हणजे टीव्हीच्या धातूच्या केबलची. या गच्चीवरून त्या गच्चीवर जाड कोएक्स, आरजी-११, घरात बारीक, आरजी-६, मध्ये ठिकठिकाणी सिग्नल वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर. एका जूनमध्ये रात्री विजा कडाडल्या आणि पवननगरकडची अख्खी गल्ली बंद. मालकांनी फोनवरच निकाल दिला, "तुझा जॉइंट खराब." मी गच्चीवर जाऊन कनेक्टर उघडला. आतून पाणी निथळलं. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीची पांढरी भुकटी झालेली, मधली तार गंजून तपकिरी. गंजणारच, स्वस्त कोएक्समध्ये ती तार पोलादाची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. पुढचे अ‍ॅम्प्लिफायरही जळालेले, कारण धातूची केबल विजेचा झटका पुढे घेऊन जाते. जॉइंट मीच केला होता, पण त्यावर गुंडाळायला वॉटरप्रूफ टेप मागितली तेव्हा "उगाच खर्च कशाला" कोण म्हणालं होतं? हे त्यांनी कधीच कबूल केलं नाही.

काचेला गंज चढत नाही आणि तिच्यातून वीजही वाहत नाही. एक गिगाहर्ट्झच्या सिग्नलची आरजी-६ मध्ये शंभर मीटरला साधारण २० डीबी गळती होते (डीबी हे गळतीचं माप, जितकं कमी तितकं चांगलं). फायबरमध्ये १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची अख्ख्या किलोमीटरला जेमतेम ०.३५ डीबी. म्हणून गल्लोगल्ली अ‍ॅम्प्लिफायर टांगावे लागत नाहीत. तांबं दणकट म्हणणाऱ्यांनी या आकड्यांवर बोलावं.

आता हेही सांगतो, नीट टाकलेल्या कोएक्सवरही भरपूर स्पीड मिळतो आणि टीव्हीची चालू केबल उपटायची काही गरज नाही. फायबर दाराच्या फटीत दाबली किंवा खिळ्याशी काटकोनात वळवली की सिग्नल पडतो. उंदीर दोन्ही कुरतडतात. बाहेरच्या फायबरला आधाराची लोखंडी तार असते, ती घरात ओएनटीपर्यंत, म्हणजे फायबर जिथे जोडतात त्या डब्यापर्यंत, आणू देऊ नका, धातूच असल्याने तीही विजेचा झटका आत आणू शकते.

फिटिंगवाला आला की फायबरमधला सिग्नल मोजणारं पॉवर मीटर लावायला लावा. साधारण उणे २० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्याही खाली, म्हणजे उणे २८, उणे २९ असं असेल तर जॉइंट पुन्हा करायला सांगा, आणि सामान कमी पडत असेल तर त्या पोराला नाही, त्याच्या मालकाला फोन लावा.