बर्गनला येताना छत्री नको, पंचे आण

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. मार्चच्या शेवटी तुम्ही तिघं, तू, नवरा आणि चार वर्षांची लेक, ठाण्याहून बर्गनला येताय. नॉर्वेत तेव्हा वसंत सुरू होतो असं वाचलंस आणि बर्गनमध्ये पाऊस थांबतच नाही असंही वाचलंस. तर रोज घालायला काय आणायचं, भाड्याच्या घरात काय करून घ्यावं लागेल, आणि दिल्लीहून थंडीचे जाड कोट मागवू का, हे तुझे प्रश्न. शेवटच्याचं उत्तर आधी देते: नको मागवूस.

मी मूळची चिपळूणची. पावसाचं मला कोणी सांगू नये अशा तोऱ्यात सात वर्षांपूर्वी इथे उतरले. नुसते आकडे पाहिले तर तो तोरा चुकीचा नव्हता. मुंबईत वर्षाला बावीसशे-चोवीसशे मिमी पाऊस पडतो, बर्गनमध्येही जवळपास तेवढाच. पण आपला पाऊस चार महिन्यांत सगळं उरकतो आणि दसऱ्याच्या सुमारास निरोप घेतो. इथला वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस हजेरी लावतो, थोडाथोडा. २९ ऑक्टोबर २००६ पासून २१ जानेवारी २००७ पर्यंत सलग ८५ दिवस रोज पडला, हे इथले लोक अजून कौतुकाने सांगतात. समुद्रावरून ओली हवा येते, शहराभोवतीच्या डोंगरांवर चढते आणि इथेच रिकामी होते. सह्याद्री कोकणाला जे करतो तेच. फक्त आपल्याकडे भिजलो तर अंग पुसून चहा घेतला की झालं. इथलं पाणी पाच-सहा अंशांचं, आणि वारा ते आडवं मारतो. ओले कपडे दोरीवर टाकावेत तर तीन दिवसांनीही ओलेच. त्यामुळे मी कपड्यांचा आणि घराचा विचार एकाच प्रश्नाने करते: हे वाळेल कसं आणि कुठे?

छत्रीपासून सुरुवात करू. पहिल्या आठवड्यात माझ्या दोन मोडल्या, त्यातली एक चांगली लग्नात मिळालेली. वादळाच्या दुसऱ्या दिवशी बंदराजवळच्या कचरापेट्यांत काड्या वर करून पडलेल्या छत्र्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच पर्यटकांच्या असाव्यात असा माझा संशय आहे. माझी आजी लावणीला जाताना इरलं घ्यायची, ते आठव. हात मोकळे, आणि वाऱ्याने उलटं होत नाही. इथलं इरलं म्हणजे टोपीला नाडी असलेलं रेनजॅकेट. ते भारतातून आणू नकोस. ट्रेकला वापरतो ती विंडचीटर पाणी अडवते, पण घामही आत कोंडते. राजमाचीला चालून गेलं. इथे सहा अंशांत तो घाम गार पडला की हुडहुडी भरते. पाणी बाहेर थोपवणारं आणि आतली वाफ बाहेर सोडणारं कापड हवं. लेबलवर पाणी अडवायच्या ताकदीचं माप मिमीमध्ये असतं, ते १०,००० किंवा त्याच्या पुढचं बघ. पैसे खर्च करायचेच तर इथे कर. सोबत रेनपँट हवीच, हाफिसला जातानासुद्धा. ट्रामच्या दारात उभं राहून लोक ती काढतात आणि आतून इस्त्रीची पँट निघते. पहिल्यांदा पाहून मी हसले होते, आता मीही तेच करते. आणि ते जॅकेट धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नकोस, बाहेरचा पाणी झटकणारा थर कामातून जातो.

जॅकेटच्या आत लोकर. नक्षीचा जाड स्वेटर नव्हे, अंगाला चिकटून बसणारा पातळ मेरिनोचा बनियन आणि लेगिंग. धनगराची घोंगडी भिजली तरी ऊब देते ना, तसंच. सुती बनियन ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो आणि सुकायचं नाव घेत नाही. जीन्सचं तर विचारूच नकोस, गुडघ्याखाली ओली झाली की दिवसभर पायाला पोतं बांधल्यासारखं. बर्गनजवळ एस्पेलांडला यानुस नावाचा लोकरी कपड्यांचा जुना कारखाना आहे, १८९५ पासूनचा. तिथे त्यांचं दुकानही आहे. आल्यावर एका शनिवारी तिघांसाठी दोन-दोन जोड घेऊन टाका. लोकरीला रोज धुवायला लागत नाही, रात्री खिडकीपाशी टांगली की वास जातो. धुशील तेव्हा लोकरीचाच साबण वापर. नेहमीच्या पावडरीतली एन्झाइम्स लोकर खातात. माझा पहिला बनियन त्यांनी जाळीदार केला.

आता वसंत. एप्रिल ते जून हे इथले त्यातल्या त्यात कोरडे महिने, म्हणजे तुम्ही बऱ्या वेळी येताय. पण एप्रिलच्या एकाच दिवसात सकाळी तीन अंश, दुपारी बारा, मध्येच गारा आणि पाच वाजता लख्ख ऊन असं सगळं होतं. तेव्हा एक जाड कपडा उपयोगाचा नाही, काढता-घालता येतील असे तीन पातळ हवेत. माझा एप्रिलचा ठरलेला वेश सांगते: आत लोकरी बनियन आणि लेगिंग, वर मांडीपर्यंतचा सुती कुर्ता, त्यावर पातळ लोकरी कार्डिगन, बाहेर जॅकेट. आखूड कुर्ते भरपूर आण, छान चालतात. गुडघ्याखालचे आणू नकोस. जॅकेटच्या खाली जेवढा कपडा डोकावतो तेवढा भिजतो, आणि ते पाणी हळूहळू वर चढतं. सलवारचे आणि पलाझोचे घोळ तर रस्ता पुसत जातात. ओढणीऐवजी लोकरी मफलर. रंग मात्र तुझे तू आण. इथे सगळे काळ्या नि गडद निळ्या रंगात फिरतात. माझा हळदी रंगाचा कुर्ता बघून शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या, आज ऊन पडलंय वाटतं.

मे महिन्यात एक दिवस तापमान चौदाला जाईल आणि सगळं शहर बाह्या दुमडून गवतावर येऊन बसेल. तू जॅकेटात गारठलेली असशील. वाईट वाटून घेऊ नकोस, पुढच्या मेमध्ये तूही चपला घालून बसशील. गॉगल आण. सूर्य खाली असतो आणि ओल्या रस्त्यावरून थेट डोळ्यांत येतो.

साड्या दोन-तीन पुरे, पण त्यात एक भारीतली असू दे. १७ मे हा इथला संविधान दिन, १८१४ च्या घटनेचा. त्या दिवशी लोक आपापल्या गावचा पारंपरिक पोशाख, बुनाद, घालून चांदीचे दागिने लेवून रस्त्यावर उतरतात. आपण आपली पैठणी नेसून गेलं की कौतुकाने थांबवून काठाला हात लावून बघतात. परकराखाली लोकरी लेगिंग घालते मी, कळत नाही कुणाला. त्याआधी एप्रिलपासूनच बुएकोर्प्सची मुलं गल्ल्यांमधून ढोल बडवत कवायती करायला लागतात. ही पथकं बर्गनची खासियत. पहिल्या वर्षी तो आवाज कानावर आला आणि मी ताशा कुठे वाजतोय म्हणून खिडकीत धावले होते.

लेकीच्या बालवाडीचं नीट ऐक. बार्नेहागेत मुलं रोज बाहेर खेळतात, पाऊस असला तरी. तिथे ठेवायला लागतं ते असं: रबरी रेनकोट आणि खांद्याला पट्टे असलेली पँट, गमबूट, पाणी न शिरणारे हातमोजे, लोकरी आतले कपडे, मोजे आणि एक पूर्ण बदलायचा जोड. सगळ्यावर नाव हवं, कारण वीस मुलांचे वीस रेनकोट निळेच असतात. मी माझ्या मुलाचं नाव देवनागरीत लिहिलं होतं, सवयीने. मला वाटलं ताई वैतागतील. उलट त्याचा एक मोजाही कधी हरवला नाही, ती अक्षरं असलेली वस्तू त्याचीच हे सगळ्यांना पाठ झालं होतं. दुपारी आणायला जाशील तेव्हा लेक चिखलात लोळून आलेली असेल. पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं, माझा मुलगा मात्र हसत होता. तिथे ओले कपडे टांगायचं गरम हवेचं कपाट असतं, आपल्या घरात ते नसतं, आणि खरी मेख तिथेच आहे.

घराकडे वळते. बर्गन डोंगरउतारावर वसलंय, त्यामुळे स्वस्तातली बरीच घरं अर्धी जमिनीत असतात आणि मागची भिंत थेट डोंगराला टेकलेली. घर बघायला जाल तेव्हा त्या भिंतीला तळहात लावा. कपाट सरकवून मागे बघा, कोपऱ्यात काळे ठिपके आहेत का, खोलीत बंद पेटीसारखा वास येतो का. लाजू नका, इथे बघितलेलं चालतं. आमचं पहिलं घर असंच होतं. मी भाबडेपणाने कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलं. मार्चमध्ये उघडलं तर चामड्याच्या पर्सवर हिरवी लव आणि आईने दिलेल्या इरकलीला कुबट वास. तो अजून पूर्ण गेलेला नाही. घरमालकाने सांगितलं, तुम्ही स्वयंपाक फार करता. त्यानंतर आम्ही कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, खिडकीवरची झडप कायम उघडी ठेवली आणि एक छोटं आर्द्रतामापक आणलं. हिवाळ्यात काटा चाळीस टक्क्यांच्या आसपास असावा, साठच्या वर राहायला लागला की भिंती बुरशी धरतात. ती झडप थंडी येते म्हणून नवे लोक कागद कोंबून बंद करतात. तू करू नकोस. इथली पद्धत म्हणजे दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटांत हवा बदलली की बंद. दिवसभर खिडकीच किलकिली ठेवली तर भिंती गार पडतात आणि ओल उलट वाढते.

कपडे वाळवायची जागा म्हणजे न्हाणीघर. बहुतेक ठिकाणी न्हाणीघराची फरशी खालून तापते. तिथे घडीचा स्टँड उभा करायचा, पंखा चालू, दार बंद. हवेतली ओल शोषणारं यंत्र जुनं मिळालं तर घ्या, त्याच्या डब्यात रात्रीत साचलेलं पाणी बघून तू थक्क होशील. म्हणूनच पंचे आण. इथल्या जाड टर्किश टॉवेलला सुकायला दोन दिवस लागतात, पंचा सकाळी टांगला की दुपारी कोरडा. डझनभर आण, शिवाय सुती चादरी आणि आईच्या जुन्या साड्यांची एखादी गोधडी. कापसाची रजई नको, इथे प्रत्येकाचं वेगळं पिसांचं किंवा कृत्रिम भरावाचं पांघरूण असतं.

स्वयंपाकघरात एकच विचार: शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतो की नुसता गाळून आतच सोडतो? फोडणीच्या घरात याने फरक पडतो. धुराचा अलार्म मिरचीच्या ठेच्याला हमखास ओरडतो, त्याची बॅटरी काढायची नाही, कायद्याने तो हवाच. मिक्सर बिनधास्त आण, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त प्लग दोन गोल पिनांचा.

अनामत रक्कम बहुधा तीन महिन्यांच्या भाड्याइतकी मागतात. ती घरमालकाच्या खात्यात कधीच भरायची नाही. तुमच्या नावाने वेगळं अनामत खातं उघडलं जातं, कायदाच तसा आहे. कुणी "माझ्याकडेच पाठवा, सोपं पडेल" म्हणालं तर ते घर सोडून द्या. आत शिरायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा.

सजावटीचं फार डोक्यात घेऊ नकोस. दाराशी बूट ठेवायला कडा असलेला रबरी ट्रे आणि भिंतीवर भरपूर खुंट्या, एवढं पहिल्या दिवशी हवं. ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबायचं, हे तुला माहीतच आहे. फिन नावाच्या साइटवर लोक फुकटातही फर्निचर देतात, फक्त न्यायला गाडी हवी. हिवाळ्यात प्रत्येक खिडकीत दिवा लावतात, बाहेरून गल्ली दिवाळीसारखी दिसते. पण तुम्ही येताय उजेडाच्या बाजूने, त्यामुळे तुम्हाला आधी काळे पडदे लागतील. जूनमध्ये सूर्य रात्री अकरानंतर मावळतो आणि चारच्या सुमारास परत हजर. लेक झोपायला तयार होणार नाही. तुळस आणू नकोस, माझ्या तीन गेल्या. कोथिंबीर मात्र जूनमध्ये खिडकीत तरारून येते.

ईस्टरच्या सुट्टीत जवळजवळ पाच दिवस दुकानं बंद असतात, मधला शनिवार सोडून, आणि तुम्ही नेमके त्याच सुमाराला येताय. किराणा आधी भरा. ईस्टर संपला की सोसायटीत दुगनादचा कागद लागेल. म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची वसंतातली साफसफाई: हिवाळ्यात पाय घसरू नये म्हणून टाकलेली खडी झाडायची, अंगणातलं शेवाळ घासायचं. हातमोजे घालून जा, नवरा आळस करेल तर त्यालाच पाठव. नंतर कॉफी आणि गोड पाव मिळतो, आणि शेजारी पहिल्यांदा तोंड उघडतात. आमचं ओल शोषणारं यंत्र तिथल्याच एका काकांनी दिलं, तळघरात पडून होतं म्हणून.

लेकीच्या पावलाचं माप सेंटिमीटरमध्ये कळव, लोकरी मोजा घालून मोजलेलं. मुलाचे जुने गमबूट माळ्यावर आहेत, बसले तर एक खरेदी वाचेल.