केळ्याच्या चकतीवर आयोडीन

प्रश्न : आमच्या अध्यापक विद्यालयातल्या डी.एल.एड.च्या बहुतेक विद्यार्थिनी कला शाखेच्या आहेत. रसायनशास्त्र म्हटलं की धास्तावतात. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र एकत्र शिकवणारा सोपा प्रयोग सुचवाल का? – एक अध्यापिका, रावेर

उत्तर : रावेरला केळी हाताशीच आहेत! एक हिरवं, एक पिवळं आणि एक काळे ठिपके पडलेलं, अशी तीन केळी घ्या. मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीन दहापट पाण्यात मिसळा. रंग कोऱ्या चहासारखा फिका हवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. दाट द्रावण मुळातच तपकिरी, त्यामुळे सगळ्याच चकत्या काळपट दिसतात.

थेंब टाकण्याआधी प्रत्येकीला अंदाज कारणासह लिहायला लावा. ‘पिकलेलं गोड, म्हणून तेच जास्त काळं होईल’ असं काहीजणी लिहितील. लगेच दुरुस्त करू नका, वाद होऊ द्या. मग प्रत्येक चकतीवर दोन-तीन थेंब. हिरवी निळी-काळी होते. ठिपकेवाली फारशी बदलत नाही. केळं पिकताना त्यातली विकरं (एन्झाइम) पिष्टाची (स्टार्चची) साखर करतात, आणि आयोडीन साखरेला नव्हे, पिष्टाला रंग देतं.

जोडीला भाताची पेज तपासा, पण पूर्ण गार करून. गरम पेजेत निळा रंग टिकत नाही आणि विद्यार्थिनी ‘भातात पिष्ट नाही’ असं लिहून मोकळ्या होतात.

तपासलेल्या चकत्या कुणी खाऊ नयेत. पुढच्या तासाला हाच प्रयोग प्रत्येकीने सहा मिनिटांत शिकवावा. उत्तर आधी सांगून टाकलं, तर तिथेच थांबवा.