रविवारी दगडांवर कोण टिकणार? वाचकांचे प्रश्न, पॅरिस-रूबे विशेष

बेल्जियममधली टूर ऑफ फ्लांडर्स ही सायकल रेस संपून दोन दिवस झाले नाहीत तोवर इनबॉक्स भरला. यावेळी सीटची उंची किती ठेवू, गुडघा दुखतोय काय करू असले नेहमीचे प्रश्न जवळजवळ नाहीतच, सगळ्यांना एकच विचारायचंय, येत्या रविवारी म्हणजे १३ एप्रिल २०२५ ला फ्रान्समधली पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांची रेस कोण मारणार. म्हटलं चला, यावेळचं पान पूर्ण रूबेलाच देऊन टाकू. गुडघेवाल्यांनी एक महिना कळ काढा.

प्रश्न : भावामुळे यावर्षीपासून सायकलिंग बघायला लागलो. चांगले रस्ते सोडून मुद्दाम दगडांवरून का नेतात यांना? (सांगली)

मुद्दामच नेतात. १८९६ साली रूबे गावातल्या दोन कापड गिरणीवाल्यांनी ही रेस चालू केली, गावात सायकलचा ट्रॅक बांधला होता आणि त्याची जाहिरात हवी होती, बाकी काही उदात्त वगैरे नाही. तेव्हा दगडी रस्ता हाच चांगला रस्ता. पुढं डांबर आलं, एकेक करत दगड गाडले जायला लागले आणि आयोजकांवर दगड शोधत फिरायची पाळी आली. आता उलटं झालंय, पॅरिस-रूबेचे मित्र म्हणून हौशी लोकांची एक संघटना आहे, ती मंडळी जाऊन निखळलेले दगड परत बसवतात, गवत काढतात. आणि जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर स्टँडवर बसवलेला एक दगड!

नावात पॅरिस असलं तरी १९७७ पासून रेस सुटते काँपिएन्य गावाहून. एकूण २५९ किलोमीटर, त्यातले ५५ किलोमीटर दगड, ते ३० तुकड्यांत विभागलेले, आणि प्रत्येक तुकड्याला अवघडपणाप्रमाणे एक ते पाच स्टार. पहिले ९५ किलोमीटर साधाच रस्ता आहे, त्यामुळं तेवढ्यात जेवून घेतलंत तरी चालेल.

फक्त दगड म्हटल्यावर जुन्या वाड्याच्या चौकातली फरशी डोळ्यासमोर आणू नका. हे पावासारखे वर फुगलेले दगड, दोन दगडांच्या मधे आख्खं बोट जाईल अशी फट, रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता. आपल्याकडं उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन जशा दोन चाकोऱ्या पडतात ना, तसे तिकडं वर्षभर बीटाचे ट्रॅक्टर जातात (तिकडची साखर बीटाची), त्यामुळं कडेला खड्डे, मधे कुबड, आणि त्यावरून ही पोरं पंचेचाळीसच्या स्पीडनं जातात.

प्रश्न : पोगाचारनं फ्लांडर्स इतक्या आरामात मारली, मग रूबे पण त्याचीच ना? उगाच सस्पेन्स कशाला? (पुणे)

आरामात मारली हे मान्य. रविवारी शेवटी पाच जण उरले होते, गेल्या वर्षीची टूर द फ्रान्स जिंकलेला पोगाचार, मागच्या दोन्ही रूबे जिंकलेला व्हॅन देर पूल, पेडरसन, व्हॅन आर्ट आणि स्टाउव्हन, आणि आउडे क्वारेमोंट या दगडी चढाच्या शेवटच्या फेरीला तो बसल्या बसल्या निघून गेला, मागचे चौघं एकमेकांकडं बघत राहिले. मिनिटभराचा फरक पडला. मी पण टीव्हीसमोर डोक्याला हात लावून बसलो होतो.

पण नीट बघा तो कुठं सुटला. चढावर. फ्लांडर्समधले दगड चढावर असतात, चढावर किलोमागे किती ताकद लावता ते चालतं, आणि त्यात या माणसाला सध्या जगात तोड नाही. रूबेला चढच नाही हो! सगळं सपाट. सपाटीवर भांडण वाऱ्याशी, तिथं एकूण ताकद किती ते बघतात, किलोमागे किती ते नाही, आणि दगडांवर वजनदार माणसाची सायकल जरा कमी उडते. पोगाचार साधारण ६६ किलोचा, व्हॅन देर पूल ७५ च्या आसपास, इटलीचा गान्ना ऐंशीच्या वर. म्हणजे रविवारी जे हत्यार चाललं ते यावेळी घरी ठेवून यायचं, असं काहीसं आहे.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर परत पुण्याहून मेल येतील. २०२२ च्या टूर द फ्रान्समधे पाचवी स्टेज याच भागातल्या दगडांवरून आरेनबर्गला गेली होती, तेव्हा बाकीचे टूरवाले धडपडत होते आणि हा गडी पुढच्या मोठ्या लोकांबरोबर मजेत चालला होता. या फेब्रुवारीत आरेनबर्गच्या जंगलात (रूबेचा एक अवघड दगडी तुकडा) प्रॅक्टिस करतानाचा त्याचा व्हिडिओ आला तेव्हाच लोकांना शंका आली, आणि मार्चअखेरीस नाव पक्कं झालं. इटलीतल्या स्ट्राडे ब्यांके रेसमधे तो जोरात आपटला, एक बाजू सोलवटली, तरी उठून रेस जिंकला. तेव्हा घाबरेल वगैरे विसरा.

अनुभव नाही म्हणून जमणार नाही, हे पण मी छातीठोक सांगणार नाही. २०२१ ला चिखलातली रूबे झाली त्यात पहिले तिघंच्या तिघं, कोल्ब्रेली, फरमेर्श आणि व्हॅन देर पूल, पहिल्यांदाच आले होते! पण तो दिवसच वेगळा होता, त्याकडं नंतर येतो.

जुन्या गोष्टींची आवड असणाऱ्यांसाठी एवढंच की गतवर्षीचा टूर विजेता रूबेच्या स्टार्टला उभा राहतोय हे १९९१ च्या ग्रेग लेमाँडनंतर पहिल्यांदा, आणि टूर जिंकलेल्या माणसानं रूबे मारली हे शेवटचं १९८१ ला, बर्नार्ड इनो. तो पण तेव्हा वर्ल्ड चॅम्पियनच्या इंद्रधनुषी जर्सीत होता, हा पण आहे. इनोला ही रेस मनापासून आवडत नव्हती, आला, अनेकदा पडला, जिंकला आणि तरी शिव्या घालतच गेला. पोगाचार मात्र स्वतःच्या हौसेनं येतोय, मला तेच जास्त धोकादायक वाटतं.

प्रश्न : व्हॅन देर पूलला बरं नव्हतं म्हणे. फ्लांडर्सला तिसरा आला. उतरला का तो? (कोल्हापूर)

उतरला म्हणू नका हो, कोल्हापूरकरांनी तरी. एका डावात चीत झाला म्हणून पैलवान संपला असं तुमच्याकडं कोण म्हणतं? २२ मार्चला मिलान-सान रेमो ही रेस मारली, गान्ना आणि पोगाचारला स्प्रिंटमधे मागं टाकून. २८ ला बेल्जियममधली ई-थ्री रेस मारली, एकटा सुटून. मग अंगात बारीक कणकण, फ्लांडर्सला मधे पडला पण, आणि तरीही तिसरा. हा जर पडता फॉर्म असेल तर तसला मला पण द्या.

रूबेला त्याची बाजू वेगळीच आहे. २०२३ ला जिंकला, २०२४ ला तर साठ किलोमीटर शिल्लक असताना एकटा निघाला आणि तीन मिनिटांनी जिंकला. रविवारी जिंकला तर सलग तीन होतील, हे २०२४ पर्यंत दोघांनाच जमलं होतं, १९०९ ते ११ ऑक्टाव्ह लापीझ आणि १९७८ ते ८० फ्रान्चेस्को मोझेर. शिवाय टीममधे यास्पर फिलिप्सन, तो दोन्ही वर्षं दुसरा आला होता. मागच्या ग्रुपमधे फिलिप्सन बसला असेल तर बाकीच्यांनी पाठलाग करायचा तरी कशाला, याला ओढत न्यायचा आणि शेवटी यानेच स्प्रिंट मारायची.

रविवारी एक काम करा. कॅमेरा जवळ गेला की व्हॅन देर पूलचे हात बघा, पाय नाही. सायकल खाली पिसाळल्यासारखी थरथरत असते आणि याचे हात हँडलवर नुसते ठेवलेले, बोटं सैल, कोपर वाकलेले, जणू घाबरलेल्या वासराच्या पाठीवर हात ठेवलाय. हे लहानपणापासून चिखलातलं सायक्लोक्रॉस खेळल्यामुळं आलंय, २०२५ पर्यंत सात वर्ल्ड टायटल मिळवली त्यानं त्यात. ज्याचा फॉर्म डळमळीत असतो तो दगडांवर पहिला हँडल आवळतो. आवळलं की हात भरून येतात, हात भरले की ब्रेक उशिरा लागतो आणि मग वळणावर गवतात.

प्रश्न : व्हॅन आर्टचं काय करायचं? बघवत नाही आता. (नाशिक)

माझंही तेच झालंय. २ एप्रिलला द्वार्स डोर फ्लांडर्स या रेसमधे पुढं त्याच्या टीमचे तिघं आणि समोर दुसऱ्या टीमचा एकटा पॉवलेस, आणि स्प्रिंटमधे पॉवलेसनं मारली. त्या रात्री मी फोन बंद करून झोपलो. पण चारच दिवसांनी फ्लांडर्सला चौथा आला, म्हणजे पाय येतायत. २०२२ ला रूबेत दुसरा, २०२३ ला कारफूर द लार्ब्र या तुकड्यावर व्हॅन देर पूलबरोबर सुटला आणि तिथंच टायर गेला, तरी तिसरा, २०२४ ला आधीच्या रेसमधे पडून हाडं मोडली म्हणून घरी. नशिबाचं देणं लागत असेल तर इथं बरंच बाकी आहे. पण फॉर्म विचाराल तर चौथ्या नंबरचा.

फॉर्ममधे तिसऱ्या नंबरला माझ्या हिशोबात मॅड्स पेडरसन. हे नाव कुणीच विचारलं नाही याचं आश्चर्य वाटलं. गेंट-वेव्हेल्गेम पन्नासहून जास्त किलोमीटर एकट्यानं जाऊन मारली, ई-थ्रीला दुसरा, फ्लांडर्सला दुसरा, गेल्या वर्षी रूबेला तिसरा. रांगेत उभा राहून राहून आता खिडकीशी पोचलाय.

प्रश्न : रेसच्या आधी फॉर्म ओळखायचा कसा? मागच्या निकालांवर भरवसा ठेवावा का? (छत्रपती संभाजीनगर)

अर्धा ठेवावा. २०१६ ची गोष्ट सांगतो. मॅथ्यू हेमन, ३७ वर्षांचा ऑस्ट्रेलियन, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेला. फेब्रुवारीच्या शेवटी पडला आणि हात मोडला. रूबेला सहा आठवडे. डॉक्टर नाही म्हणाले, तर हा बाबा घरात ट्रेनरवर सायकल लावून, मोडका हात टेकवून ठेवून, रोज तासन्‌तास मारत बसला. रेसच्या आधी निकालाच्या नावानं शून्य. सकाळी सगळ्यांच्या पुढं पळून जाणाऱ्या ग्रुपमधे सुटला, दगडांवर पुढं राहिला, मागून मोठे आले, त्यांच्याबरोबरही टिकला, आणि रेस जिथं संपते त्या रूबेच्या ट्रॅकवर स्प्रिंटमधे कुणाला हरवलं तर टॉम बोनेनला, जो पाचव्या विक्रमी विजयासाठी आला होता! रेषा ओलांडल्यावर हेमनचं तोंड बघा कधीतरी, आपण जिंकलो हे त्यालाच खरं वाटत नव्हतं.

ही त्याची पंधरावी रूबे होती. कुठल्या तुकड्याच्या आधी पुढं जायचं, कुठली कड चालते, हे सगळं पाठ. तर निकालांचा कागद बघा, पण त्याच्या शेजारी हा माणूस इथं किती वेळा आलाय तो आकडाही लिहा.

प्रश्न : पाऊस पडला तर? (वेंगुर्ला)

तर सगळं वरचं रद्द, पान फाडून टाका. कोकणात राहून तुम्हाला शेवाळलेल्या चिऱ्यावर पाय कसा जातो ते मी काय सांगणार. २०२१ ला कोरोनामुळं रेस ऑक्टोबरमधे झाली, एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा ओली, शेवटी कोण कुठल्या टीमचा हे जर्सीवरून कळत नव्हतं.

प्रश्न : बायकांच्या रेसबद्दल तुम्ही कधीच लिहीत नाही. (ठाणे, कॉलेजची विद्यार्थिनी)

ताई, चूक कबूल. बायकांची शनिवारी, १२ तारखेला आहे, दनँ गावाहून सुटते, १४८ किलोमीटर, १७ तुकडे. सुरू झाली २०२१ ला, म्हणजे पुरुषांच्या सव्वाशे वर्षांनी, यावर काय बोलायचं. पहिली जिंकली लिझी डाइग्नननं, ऐंशीहून जास्त किलोमीटर एकटी, ग्लोव्हज नाहीत, आणि संपल्यावर हँडलच्या पांढऱ्या टेपवर तिच्या तळव्यांचं रक्त. तो फोटो शोधून बघच. यंदा सगळे लोटे कोपेकी म्हणतायत, गेल्या वर्षी जिंकली, आत्ता फ्लांडर्सही तिसऱ्यांदा मारली, बरोबरच आहे. पण मी पोलीन फेरां-प्रेव्होवर नजर ठेवून आहे. माउंटन बाइकचं ऑलिम्पिक गोल्ड घेऊन रोडवर परत आली आणि आल्या आल्या फ्लांडर्सला दुसरी.

प्रश्न : टायरमधे हवा किती भरतात? मी निवृत्त इंजिनिअर आहे, आकडा सांगा. (नागपूर)

काका, साधारण ४५ ते ५५ पीएसआय, टायर ३० ते ३५ मिलीमीटर, माणसाचं वजन आणि रस्ता ओला का कोरडा यावर कमीजास्त. कमी भरली तर दगडाची धार रिमपर्यंत जाते, जास्त भरली तर सायकल बेडकासारखी उड्या मारते. हँडलला टेप दुहेरी गुंडाळतात, आणि बाटलीच्या पिंजऱ्यात आतून खरखरीत पट्टी चिकटवतात म्हणजे बाटली उडणार नाही. हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. मागच्या वर्षी आमच्या इकडं पाइपलाइनसाठी खोदून नुसती खडी टाकून ठेवलेल्या रस्त्यावर मी हौसेनं रूबे-रूबे खेळलो, चारशे मीटरमधे बाटली, पंप आणि मागचा दिवा असे तीन नग गेले, दिवा अजून सापडला नाही. संध्याकाळी चहाचा कप धरला तर बशीवर टकटक वाजत होता. आणि त्यांचे ५५ किलोमीटर!

प्रश्न : तुम्ही कुणावर लावणार? आणि किती वाजता बघायचं? (सातारा)

लावणार काही नाही, घरी कळलं तर अवघड आहे. पण बोलायचंच तर व्हॅन देर पूल, त्याच्या मागं पेडरसन, आणि पोगाचारनं मला खोटं पाडलं तर रागही येणार नाही. आरेनबर्ग शेवटून ९५ किलोमीटरवर येतं, म्हणजे आपल्याकडं संध्याकाळी सहाच्या सुमारास टीव्हीसमोर असा. शेवट आठ-साडेआठला. स्वयंपाक आधी उरकून घ्या किंवा सरळ बाहेरून मागवा, कारण सहानंतर मी तरी जागचा हलणार नाहीये.