कोल्हापूरची महालक्ष्मी विष्णूची पत्नी असेल, तर तिच्या पाठीशी सिंह कसा?

दर्शन घेऊन घरी नेलेल्या तसबिरीत देवीच्या मागे सिंह दिसला, म्हणून आपण विचारले आहे की लक्ष्मीला सिंह कसा, आणि कोल्हापुरातले लोक तिला महालक्ष्मी न म्हणता अंबाबाई का म्हणतात. मी महाद्वार रस्त्याच्या आसपास लहानाचा मोठा झालो आणि बाहेरगावच्या पाहुण्यांकडून हा प्रश्न अनेकदा ऐकला आहे. दर्शनाच्या रांगेत उभे राहून त्याचे उत्तर सापडत नाही, कारण गाभाऱ्यात आपल्याला दिसते ती साडी, दागिने आणि किरीट ल्यालेली सालंकृत पूजा. सुमारे तीन फूट उंचीची मूळ पाषाणमूर्ती त्याखाली झाकलेली असते, आणि सिंह तर मूर्तीच्या पाठीमागेच असल्याने समोरून सहसा नजरेस पडत नाही.

मूर्ती मात्र स्वतःची ओळख स्वतःच सांगते. देवी चतुर्भुज आहे. तिच्या उजव्या खालच्या हातात म्हाळुंग, म्हणजे लिंबाच्या जातीचे, बियांनी भरलेले मोठे फळ आहे. उजव्या वरच्या हातात गदा, डाव्या वरच्या हातात ढाल आणि डाव्या खालच्या हातात पानपात्र, म्हणजे पेय पिण्याचे भांडे आहे. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी ही चिन्हे आहेत. विष्णुपत्नी लक्ष्मी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कमळे आणि शेजारी सोंडेने अभिषेक करणारे हत्ती येतात. येथे त्यांपैकी काहीच नाही.

हे वर्णन जसेच्या तसे सप्तशतीच्या, म्हणजे देवीचे माहात्म्य सांगणाऱ्या संस्कृत ग्रंथाच्या, पाठाबरोबर म्हटल्या जाणाऱ्या प्राधानिक रहस्यात आढळते. ‘मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती’ या ओळीत हाती धरलेल्या चारही वस्तू येतात, आणि पुढच्याच ओळीत मस्तकावरील नाग, लिंग व योनी यांचा उल्लेख आहे. त्या रहस्यात जिला महालक्ष्मी म्हटले आहे, ती त्रिगुणात्मक, म्हणजे सत्त्व, रज आणि तम हे तिन्ही गुण असलेली, आद्य देवी आहे. तिच्यापासून महाकाली आणि महासरस्वती प्रकटतात, नंतर या तिघींपासून ब्रह्मा आणि श्री, रुद्र आणि त्रयी, विष्णू आणि गौरी अशी युगुले निर्माण होतात, आणि त्यांतील श्री ही विष्णूला पत्नी म्हणून दिली जाते. म्हणजे आपण जिला विष्णूची लक्ष्मी म्हणतो, तीच मुळात या महालक्ष्मीपासून जन्मलेली आहे. सारा घोटाळा नावाच्या सारखेपणाचा आहे, असे माझे मत आहे. सप्तशतीत महिषासुराच्या वधाचे जे मधले चरित्र आहे, त्याची देवताही हीच महालक्ष्मी मानली जाते. तेव्हा सिंह तिच्यापाशी नसता तरच नवल वाटले असते.

देवळाची मांडणीही याला धरूनच आहे. मुख्य गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंना महाकाली आणि महासरस्वती यांची गर्भगृहे आहेत, आणि देवीच्या गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग नावाचे शिवलिंग आहे. मूर्ती जुनी आहे. आक्रमणांच्या काळात ती लपवून ठेवलेली होती आणि १७१५ साली विजयादशमीला तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. पुढे झीज वाढत गेल्यामुळे २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांनी तिचे रासायनिक संवर्धन केले.

ज्यांना ग्रंथांत शिरायचे नसेल, त्यांनी नवरात्रातील ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर यावे. करवीर म्हणजे कोल्हापूर; करवीर माहात्म्याच्या परंपरेनुसार देवीने येथे कोल्हासुराचा वध केला. त्या युद्धानंतरच्या विजयोत्सवात आपल्या सखीला, त्र्यंबोलीला, म्हणजेच टेंबलाईला, बोलवायचे राहून गेले, म्हणून ती रुसून नगराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः गेली, आणि म्हणून आजही त्या दिवशी देवीची पालखी टेंबलाईला जाते. तेथे एका कुमारिकेच्या हस्ते त्रिशूळाने कोहळा फोडला जातो. हा कोहळा म्हणजे कोल्हासुर. तो फुटताक्षणी त्याची फोड हाती लागावी म्हणून जी झुंबड उडते, ती पाहिल्यावर ही देवता कोणत्या परंपरेतली आहे, याबद्दल शंका उरत नाही. अष्टमीला देवीची पूजा महिषासुरमर्दिनीच्या रूपात बांधतात, हेही येथे सांगितले पाहिजे.

मग तिरुपतीच्या बालाजीचे, म्हणजे विष्णूचे, काय, असे आपण विचाराल. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, त्या अपमानाने लक्ष्मी रागावून वैकुंठातून करवीरास आली, ही कथा प्रसिद्ध आहे. तिरुपतीची यात्रा कोल्हापूरच्या दर्शनाशिवाय पुरी होत नाही, या समजुतीने मोठ्या संख्येने भाविक येतात, आणि नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून देवीसाठी शालूही येतो. या शालूवरून आणि नावावरून आमच्या गावात वाद होत असतात. माझ्या मते त्या भाविकांचा भाव खोटा ठरवण्याचे कारण नाही, पण त्या कथेवरून मूर्तीचे स्वरूप ठरवणेही बरोबर नाही. साडेतीन शक्तिपीठांत तुळजापूर, माहूर आणि अर्धे पीठ असलेली वणीची सप्तशृंगी यांच्या पंक्तीत हे स्थान मोजले जाते, ते शक्तीचे पीठ म्हणून.

राहिला नावाचा प्रश्न. महालक्ष्मी हे ग्रंथांतले नाव आहे आणि ते चुकीचे नाही. अंबाबाई हे जोगवा मागणाऱ्यांच्या, गोंधळ घालणाऱ्यांच्या आणि घरातल्या बायकांच्या तोंडचे नाव आहे, आणि अंबा म्हणजे आई. आम्ही स्वतः दोन्ही नावे काही विचार न करता वापरतो. मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघतो, सकाळी कोल्हापूरला उतरतो, आणि रिक्षावाल्याला सांगतो की अंबाबाईच्या देवळाजवळ सोडा.