परदेशातल्या मराठी शाळेत ५-६ वर्षांच्या मुलांसाठी दिवाळीनिमित्त काय घ्यावं?

किल्ला करा, बाकी सगळं नंतर. आकाशकंदील करताना मुलं कात्री-गोंदात रमतात, मराठी बोलणं राहूनच जातं. किल्ल्यात बोलल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. माती नसेल तर पुठ्ठ्याची खोकी चालतात. मावळा एकाच्या हातात द्यायचा आणि बाकीच्यांनी सांगायचं: 'बुरुजावर ठेव', 'दरवाजाच्या मागे', 'अरे, पडेल तो!' वर, खाली, मागे, शेजारी असं आपोआप तोंडात बसतं. महाराज सिंहासनावर कोण बसवणार यावरून भांडणं होतात, तीही मराठीतच करायला लावा.

वेळ उरलाच तर फराळाची चित्रं घ्या: तो लाडू, ती चकली, ते कडबोळं. लिंगाचे नियम समजावत बसू नका, नुसतं 'मला तो दे, ती नको' एवढंच खेळवा.